दुसरा गणवेश

आमच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात अलीकडे हवालदारकाका वारले. तरुणपणी मराठा लाइट इन्फंट्रीत, पुढे गोव्याच्या अग्निशमन दलात आणि निवृत्तीनंतर गावाच्या प्रत्येक अडीअडचणीत, असं त्यांचं आयुष्य गेलं. घरच्यांना नको आहे म्हणून त्यांचं नाव इथे लिहीत नाही. शिवाय मला जे म्हणायचं आहे ते त्यांच्या एकट्यापुरतं नाही. वाळपई, डिचोली, पेडणे, कुडचडे, काणकोण, कुठल्याही केंद्रावर विचारा, सैन्यातून येऊन बंबावर चढलेला असा एखादा माणूस तिथे होऊन गेलेला असतो.

अंत्ययात्रेच्या तयारीत दोन तरुण तिरंगा घेऊन आले. पार्थिवावर तो पांघरावा अशी त्यांची इच्छा होती. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी त्यांना बाजूला नेऊन समजावलं. राजकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामात होणारा अंत्यविधी सोडला, तर राष्ट्रध्वज असा पांघरता येत नाही; 2002 च्या ध्वजसंहितेत तसं स्पष्ट आहे. मुलांनी ऐकलं, ध्वज नीट घडी करून परत नेला. नियम पाळला गेला, ते योग्यच झालं.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. काका सैन्यातून परतले तेव्हा ती दोन्ही मुलं जन्मलीही नव्हती. त्यांनी काकांना पाहिलं ते हेल्मेट आणि गमबुटांत. त्यांच्यातल्या एकाच्या घरावर फणस कोसळला होता, तेव्हा भर पावसात कौलांवर चढून फांद्या कापणारे काकाच होते. डोळ्यांनी पाहिलेला माणूस अग्निशमन दलाचा, आणि निरोप द्यायची वेळ आली तेव्हा आठवला तो सैनिक. चौकातल्या फलकावरही तेच: छातीवर पदकं, डोक्यावर लष्करी टोपी, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. शोकसभेत श्रीलंकेची मोहीम निघाली, काश्मीर निघालं, बेळगावचं प्रशिक्षण निघालं. सैन्यातल्या सुमारे सतरा वर्षांबद्दल सगळे बोलले. त्यानंतर याच मातीत काढलेली चोवीस वर्षं एका वाक्यात उरकली: 'नंतर ते फायर ब्रिगेडमध्ये नोकरीला होते.'

या वाक्याला माझा विरोध आहे. सैन्यातली सेवा आणि इकडची नोकरी, अशी वाटणी आपण सगळे नकळत करतो. ती अन्यायाची आहे, आणि तिचे परिणाम पुतळ्या-फलकांपुरते राहत नाहीत, जिवंत माणसांच्या औषधपाण्यापर्यंत पोचतात.

अग्निशमन दल म्हटलं की डोळ्यांपुढे आग येते. सत्तरीत आग हा कामाचा एक हंगाम आहे, एवढंच. फेब्रुवारी ते मे या काळात माळरानं आणि काजूच्या बागायती पेटतात. वणवा डोंगर चढत जातो, बंब डांबरी रस्त्यावरच थांबतो आणि माणसं हिरव्या फांद्या तोडून हातात घेत वर चालायला लागतात. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आली. ती दृश्यं सगळ्या देशाने पाहिली. पण गोव्यात वणवे दरवर्षीच लागतात, आणि हेलिकॉप्टर नसलेल्या वर्षी ते पायी विझवले जातात.

पाऊस लागला की झाडं पडतात: रस्त्यावर, घरावर, वीजवाहिनीवर. म्हादई, वाळवंटी, रगाडा भरून वाहतात आणि धबधब्यांवर आलेला कुणीतरी त्यात नाहीसा होतो. दोन दोन दिवस पाण्यात शोध घ्यायचा, आणि सापडेल ते शरीर काठावर थांबलेल्या आईबापांपुढे आणायचं. हे करणाऱ्याला त्यानंतर रात्री झोप कशी लागते, हे आपण कधी विचारलेलं नाही. वर्षभर विहिरी असतातच. गुरं पडतात, पोरं पडतात, कधी कुणी स्वतःहून जीव द्यायला उडी घेतं. चिऱ्यांनी बांधलेल्या जुन्या विहिरीच्या तळाशी श्वास घेण्याजोगी हवा आहे याची खात्री झाल्याशिवाय काका कुणालाही आत उतरू देत नसत. एकाला वाचवायला घाईने उतरलेले दोघेतिघे कसे गुदमरून जातात, हे त्यांनी गावातल्या प्रत्येक पिढीला बजावून सांगितलं. त्यांनी विहिरीतून काढलेलं एक पोर आज पणजीला नोकरी करतं. त्याच्या आजीने शोकसभेत उभं राहून ते सांगितलं. अख्ख्या सभेत काकांच्या दुसऱ्या गणवेशाची खरी आठवण काढली ती तिने एकटीने.

4 जानेवारी 2014 रोजी काणकोणला चावडीवर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून 30 हून अधिक माणसं, बहुतेक मजूर, गाडली गेली. ढिगारा उपसण्याचं काम कित्येक दिवस चाललं. इतर केंद्रांतून जवान गेले, त्यांत काकाही होते. त्याविषयी ते फार बोलत नसत. श्रीलंकेविषयी मात्र बोलत. 1987 ते 1990 या काळात तिथे गेलेल्या शांतिसेनेतले 1,100 हून अधिक भारतीय जवान परत आले नाहीत, आणि त्या मोहिमेची आठवण देशाने फार काळ टाळली, हे त्यांना सलत होतं. जाफन्याच्या बोळांत मित्र गेले, इकडे कुणाला त्याचं काही नाही, असं ते म्हणायचे. पुढे चित्र थोडं बदललं. दिल्लीत 25 फेब्रुवारी 2019 रोजी राष्ट्रीय समर स्मारकाचं उद्घाटन झालं आणि स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं तिथे दगडावर आली. त्या दिवशी टीव्हीपुढे बसलेले काका मला अजून आठवतात. सैन्याने उशिरा का होईना, आपल्या माणसाचं नाव लिहिलं.

अग्निशमन दलाची स्मृती आपण कुठे ठेवली आहे? 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जण त्यात मेले. म्हणून 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. शाळेतल्या मुलांना विचारून पाहा. कारगिल विजय दिवस त्यांना तारखेसकट माहीत असतो, आणि असायलाच हवा. 14 एप्रिल म्हटल्यावर ती आंबेडकर जयंती सांगतात, तेही बरोबरच आहे. त्याच तारखेचं दुसरं स्मरण त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मुंबईत काळबादेवीला 9 मे 2015 रोजी लागलेल्या आगीत दलप्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. दलाचा सर्वोच्च अधिकारी स्वतः जळत्या इमारतीत असतो, अशी किती खाती या देशात आहेत?

आणि गोमंतकीय माणसाला स्मरण करता येत नाही, असंही नाही. पत्रादेवीला आपण गोवा मुक्तिलढ्यातल्या 1955 च्या हुतात्म्यांपुढे नतमस्तक होतो, 18 जूनला लोहियांचं नाव घेतो. आमच्या सत्तरीत नाणूसच्या किल्ल्याशी दीपाजी राणे यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या 1852 च्या उठावाची आठवण अजून ताजी आहे. शत्रूशी लढलेला माणूस आपण विसरत नाही. शत्रू नसलेल्या संकटाशी रोज लढणारा माणूस मात्र आपल्या स्मरणाच्या चौकटीत बसत नाही. विहिरीत पडलेल्या पोराच्या गोष्टीत विजय असतो, पण पराभूत कुणी नसतो, म्हणून तिचा पोवाडा होत नाही.

आता यातला सगळ्यात दुखरा भाग सांगतो.

काका गेले ते फुफ्फुसांनी दगा दिल्यामुळे. शेवटची तीन-चार वर्षं त्यांना घराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. पुढे खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्यांचा औषधोपचार, तपासण्या, इस्पितळात दाखल होणं, सगळं ईसीएचएसच्या कार्डावर झालं. ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, 1 एप्रिल 2003 पासून चालू असलेली. म्हणजे शेवटपर्यंत त्यांची काळजी घेतली ती सैन्याने, त्यांनी ज्याची सेवा फार पूर्वी सोडली होती त्या सैन्याने. पण धूर तर त्यांनी आपल्या इथला गिळला होता. औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांचा धूर, भंगाराच्या अड्ड्यांतल्या जळत्या वायरींचा धूर, आणि निवृत्तीच्या जवळ असताना मे 2019 मध्ये सोनसोड्याचा कचऱ्याचा डोंगर पेटला तेव्हाचा धूर. बंद जागेत शिरताना पाठीवर श्वसनसंच असतो, पण त्याच्या सिलिंडरमधली हवा काही मिनिटांची. जी आग उघड्यावर दिवसेंदिवस धुमसते तिथे माणूस तोंडाला ओला रुमाल बांधून उभा राहतो. सोनसोड्याहून परतल्यावर कपडे चार वेळा धुतले तरी वास गेला नाही, असं काकी सांगतात.

धुरामुळेच हा आजार झाला, असं कुणा डॉक्टरने लिहून दिलेलं नाही. मीही तसा दावा करत नाही. ते विडी ओढत नसत, एवढंच मला ठाऊक आहे. माझं म्हणणं वेगळं आहे: तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. सैनिकाच्या बाबतीत तो विचारला जातो. त्याचा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला आहे का, किंवा सेवेमुळे बळावला आहे का, हे ठरवायची पद्धत आहे आणि त्यावर अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मिळतं. धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतलेल्या जवानाला पुढे आजार जडला, तर तो सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर, जवानावर नाही. पुढे 2023 मध्ये नियम कडक झाले, त्यावर वादही झाले. तरी मूळ न्याय किती साधा आहे पाहा: तुम्ही निरोगी माणूस घेतलात, आजारी परत केलात, तर उत्तर तुम्ही द्यायचं.

हाच न्याय आगीशी लढणाऱ्याला का नको? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाचं काम हेच माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातलं. त्याच गटात तंबाखू आहे, अॅस्बेस्टॉस आहे. फुफ्फुसाच्या आवरणाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याबाबत त्यांना पुरेसा पुरावा सापडला. कॅनडाच्या प्रांतांत आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत ठरावीक वर्षं सेवा केलेल्या अग्निशामकाला ठरावीक कर्करोग झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. कुटुंबाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. गोव्यात हे करणं इतर राज्यांपेक्षा सोपं आहे. महाराष्ट्रात अग्निशमन दलं बहुतेक नगरपालिका-महानगरपालिकांची, प्रत्येकाचा कारभार निराळा. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत एकच संचालनालय आहे, राज्य सरकारचं. निवृत्त जवानाची फुफ्फुसं दरवर्षी तपासायची, तो गेल्यावर त्याच्या मृत्यूचं कारण नोंदवून ठेवायचं, आणि सेवेचा संबंध असेल तर कुटुंबाला त्याचा हक्क द्यायचा, हे एका खात्याच्या एका आदेशाने सुरू होऊ शकतं. जे जवान सैन्यातून न येता थेट दलात भरती झाले, त्यांच्या खिशात तर ईसीएचएसचं कार्डही नाही. काकांच्याच बरोबरीचे असे एक गृहस्थ आज खोकत घरी बसले आहेत.

यावर ऐकू येणारं उत्तर ठरलेलं आहे. पगार घेत होते ना? सरकारी नोकरी होती, निवृत्तिवेतन आहे, आणखी काय हवं? पगार सैनिकही घेतो. पगार कष्टाचा असतो. जिवाच्या जोखमीचा पगार कुठल्याच तक्त्यात नसतो, म्हणून तर समाज सैनिकाला पगारापलीकडे मान देतो. दुसरा आक्षेप जरा गंभीर आहे. सीमेवरचा सैनिक देशासाठी मरतो, त्याच्या पंक्तीला बंबावरच्या जवानाला बसवलं तर सैनिकाचा मान कमी होतो, असं एका माजी सैनिकानेच मला बोलून दाखवलं. मी त्यांचा आदर करतो, पण मला ते पटत नाही, आणि काकांनाही पटलं नसतं. दोन्ही नोकऱ्यांत त्यांनी शिस्त एकच पाळली. घंटा झाली की आधी धावायचं आणि कुणाचं घर आहे हे नंतर विचारायचं, हे ते रेजिमेंटमधूनच शिकून आले होते. सैन्याने घडवलेला माणूस आपल्याला चोवीस वर्षं वापरायला मिळाला, हा आपल्यावर सैन्याचा उपकारच आहे. त्या उपकाराची परतफेड म्हणून तरी त्या चोवीस वर्षांची किंमत आपण ओळखायला हवी.

हा प्रश्न जुन्या पिढीपुरताही नाही. 2022 पासून अग्निपथ योजनेत मुलं चार वर्षांसाठी सैन्यात जात आहेत. त्यांतली पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतील, बाकीची विशी-पंचविशीत घरी परततील. शिस्त, धाडस, दोर आणि शिडीची सवय असलेली ही मुलं अग्निशमन दलासाठी हवीतच. पण एखाद्या मुलाने काकांची शोकसभा ऐकली असेल, तर तो काय समजला असेल? की त्याचा मान असलेला काळ चार वर्षांचाच, पुढचं आयुष्य म्हणजे नुसती नोकरी.

आता रस्त्याविषयी. गावातल्या मुख्य रस्त्यापासून खालच्या वाड्याकडे जाणाऱ्या वाटेला काकांचं नाव द्यावं, असा ठराव ग्रामसभेत येणार आहे. मनापासून आलेला ठराव आहे आणि मी त्याच्या बाजूने मत देईन. मात्र त्याला एक जोड हवी. त्या वाटेत बंब शिरत नाही. वळणावर एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला नवं कुंपण आणि वर लोंबणाऱ्या वीजतारा. बंब अडीच मीटर रुंद असतो, पाण्याने भरलेला असतो, त्याला मागे घेणंही सोपं नसतं. काका हयात असताना त्यांनी हे पंचायतीला दोनदा सांगितलं होतं, आणि जिथे ते सांगत तिथे हसण्यावारी नेलं जाई, कारण त्या वाड्यात आजवर मोठी आग लागलेली नाही.

6 डिसेंबर 2025 च्या मध्यरात्री हडफड्यातल्या नाइट क्लबला आग लागून 25 माणसं गेली. त्यांत बहुतेक तिथेच राबणारी, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली मुलं होती. वाट अरुंद म्हणून बंब दूर उभे करावे लागले. परवान्यांवर, मालकांवर, अधिकाऱ्यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. वाटेची चर्चा मात्र चार दिवसांत विरली. साधा बंब साधारण 4,500 लिटर पाणी घेऊन येतो. एकच नळी सोडली तरी दहा-पंधरा मिनिटांत टाकी रिकामी होते. तो पाणी घेऊन आगीपर्यंत पोचला नाही, तर आत शिरणारा जवान पाण्याशिवाय शिरतो. वाट अडवणारं कुंपण म्हणजे त्या जवानाचा जीव आपण स्वतः पणाला लावणं आहे.

केंद्र सरकारच्या अग्निशमन सल्लागार परिषदेचे जुने निकष सांगतात की, शहरी भागात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोचावा. सत्तरीचं केंद्र वाळपईला. तिथून केरीमार्गे सुर्लाच्या घाटमाथ्यापर्यंतचं अंतर ज्याने पावसात कापलं आहे, त्याला हे वीस मिनिटांचं गणित सांगायला नको. म्हणूनच बंब यायच्या आधीची पहिली वीस मिनिटं गावाची असतात, असं काका सांगत. सिलिंडरचा रेग्युलेटर कसा बंद करायचा, तेलाच्या आगीवर पाणी का ओतायचं नाही, मुख्य स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला का ठाऊक हवं, हे ते चतुर्थीच्या आधी घरोघर जाऊन सांगत. गणपतीपुढे फळापानांनी सजवलेल्या माटोळीच्या भोवती लोंबणाऱ्या दिव्यांच्या माळा स्वतः तपासत. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि जुलैत पुराने सत्तरीला झोडपलं, तेव्हा ते निवृत्त होते, दम लागायला सुरुवात झालेली होती, तरी दोन्ही वेळा कोयता घेऊन बाहेर पडले.

रस्ता रुंद करा म्हटलं की गोव्यात लोक सावध होतात, आणि त्यांचं चुकत नाही. रुंद रस्त्यामागून काय काय येतं, ते आपण किनारपट्टीवर पाहिलं आहे: आधी जेसीबी, मग प्लॉटचे बोर्ड, मग भाताच्या मळ्यात भराव. म्हणून मी रुंदीकरण मागत नाही. अडीच मीटरची गाडी सरळ जाईल एवढी मोकळी वाट, वळणावर कुंपण हातभर मागे, तारा वर उचललेल्या, वाड्याच्या तोंडाशी गाडी फिरवायला जागा आणि बंबाला पाणी भरून घेता येईल असं एक ठिकाण, एवढंच हवं आहे. झाड तोडावं लागत नाही, मळा बुजवावा लागत नाही. लागते ती कुंपणवाल्यांची समजूत, आणि ती आपल्याच गावातली माणसं आहेत. ज्या वाटेवरून बंब जात नाही तिला या माणसाचं नाव देणं मला तरी सहन होणार नाही.

उरली नोंदींची गोष्ट. अग्निशमन केंद्रावर प्रत्येक कॉल वहीत लिहिला जातो: किती वाजता फोन आला, किती वाजता गाडी निघाली, कुठे पोचली, काय केलं, किती वाजता परतली. काकांच्या चोवीस वर्षांचं चरित्र त्या ओळींत आहे. सरकारी दप्तराला मुदत असते, मुदत संपली की ते काढून टाकलं जातं. सत्तरीच्या लढ्यांचा इतिहास पोर्तुगीज दप्तरांत सापडतो म्हणून आपण तो शोधू शकलो. मुक्तीनंतर आपल्याच माणसांनी आपल्याच गावांसाठी काय केलं, ते मात्र आपल्याच कपाटांतून रद्दीत जाईल. संचालनालयाने जुन्या वह्या जिल्हा ग्रंथालयाकडे किंवा पुराभिलेख खात्याकडे द्याव्यात, अशी माझी मागणी आहे आणि तसं पत्र मी पाठवतो आहे. काकांच्या बरोबर बंबावर असलेले तिघे अजून हयात आहेत. त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्यायला महाविद्यालयातली दोन मुलं तयार झाली आहेत.

ग्रामसभेत मी ठरावाला तीन पुरवण्या सुचवणार आहे: फलकावर दोन्ही सेवांचा उल्लेख वर्षांसकट असावा, नाव देण्याआधी वाट मोकळी करावी, आणि निवृत्त अग्निशमन जवानांच्या वार्षिक आरोग्य तपासणीची मागणी पंचायतीने सरकारकडे लेखी करावी. ज्यांच्या घरावरचं झाड, ज्यांच्या विहिरीतलं जनावर, ज्यांच्या बागायतीतली आग काकांनी सोडवली त्यांनी साल आठवून सभेत सांगावं, म्हणजे वहीतल्या नोंदींशी ते पडताळता येईल. कुणाकडे त्यांचा बंबावरचा फोटो असेल तर गावच्या वाचनालयात आणून द्यावा. प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत दिला जाईल.